बॉल पायथन वारंवार चावतोय? आधी भूक की भीती ते ठरवा

पाळलेला साप चावतो म्हणून कोणी सल्ला मागितला की मी आधी एवढंच विचारतो: चावून लगेच सोडलं, की धरून ठेवलं? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. चावला तो चावलाच, त्यात धरलं काय नि सोडलं काय! पण पुढचा सगळा इलाज या एका उत्तरावर ठरतो. चावून झटक्यात मागे गेला असेल तर साप घाबरलेला होता. धरलं आणि वर विळखाही घालायला लागला असेल तर तुमचा हात त्याला जेवण वाटला. पहिल्याला धीर द्यावा लागतो. दुसऱ्याला ‘आज जेवण नाही’ हे कळवावं लागतं. लोक दोघांनाही एकच औषध देतात, ‘रोज हाताळा, म्हणजे सवय होईल’. घाबरलेल्या सापाला रोज बाहेर ओढलं तर तो आणखी घाबरतो, आणि भुकेल्याला हाताळून त्याची भूक काही मरत नाही.

मी टेक्सासात राहतो. घरात दोन बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि एक कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहे. इथे या जाती दुकानांत आणि सरीसृपांच्या प्रदर्शनांत सर्रास मिळतात. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी एकेक साप आलेला आहे. मुलं कॉलेजला गेली की हे साप आई-बाबांच्या गळ्यात पडतात आणि मग मला फोन येतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः बॉल पायथनबद्दल. जिथे कॉर्न स्नेकचं वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

भारतात बसून वाचणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. धामण, नाग, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तुम्ही त्याची कितीही माया करा. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत तो आहे. अशा परदेशी जाती बाळगणाऱ्यांना २०२२ ची कायदा-दुरुस्ती आणि त्यानंतरचे २०२४ चे नियम यांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, शेताच्या बांधावर सापडलेलं ‘अजगराचं पिल्लू’ उचलू नका. ते घोणसाचं निघण्याचे प्रकार आपल्याकडे होत आले आहेत आणि त्यात माणसं दगावली आहेत. इथलं काहीही रानातल्या सापाला लावू नका.

भुकेला आणि भेदरलेला

भेदरलेला साप आवाज करतो, जागा मागतो. वेटोळं घट्ट करतो, मान ‘एस’ अक्षरासारखी मागे घेतो, फुसकारतो आणि तुम्ही डावीकडे सरकलात की डोकं डावीकडे फिरवतो. त्याची झेप आखूड असते. पुष्कळदा तोंड मिटूनच नाकाने धडक देतो. त्याला तुम्हाला पकडायचं नसतं, हाकलायचं असतं. कॉर्न स्नेक असेल तर शेपटीचं टोक थरथरवतो. खाली वाळका पाला किंवा कागद असेल तर त्याचा चांगला खडखडाट होतो आणि नवखा माणूस दचकतो. बॉल पायथन मात्र फार घाबरला तर भांडत बसत नाही. सरळ गोळा होतो आणि डोकं मध्ये खुपसतो.

भुकेला साप याच्या नेमका उलट. आवाज नाही, फुसकारणं नाही. संध्याकाळनंतर लपणाच्या, म्हणजे हाइडच्या, तोंडाशी डोकं आणून ठेवतो, मान मागे दुमडलेली, आणि तासन्‌तास तसाच. लोकांना वाटतं, किती शांत बसलाय, आत्ता काढूया बाहेर. हीच ती वेळ जेव्हा हात घालायचा नसतो. तुम्ही दार उघडलंत की त्याची जीभ चालू होते, लांब आणि संथ, आणि डोकं तुमच्या हाताच्या रोखाने किंचित वळतं. त्यानंतरची झेप इतकी जलद असते की ती दिसतच नाही, थेट हातावर कळते.

यात त्याची चूक काढता येत नाही. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता जाणवते. काचेपलीकडून नाही, पण दार उघडं असेल तर चांगलीच. तो रात्रीचा शिकारी, नजर बेताची. गार पेटीत शिरणारी उबदार वस्तू म्हणजे उंदीर, असा त्याच्या जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. त्यात हाताला उंदराचा, हॅम्स्टरचा किंवा कोंबडीचा वास असला की मग विचारूच नका. कॉर्न स्नेकच्या ओठांवर या खाचा नसतात. तो वासावर आणि हालचालीवर जातो. म्हणून तो हलणाऱ्या बोटांना जास्त फसतो.

ओळखीच्या एका घरी हाच घोळ होता. मुलाच्या खोलीत हॅम्स्टर आणि बॉल पायथन, दोन्ही. शाळेतून आला की तो आधी हॅम्स्टरशी खेळायचा आणि मग पायथनच्या काचेच्या टाकीत हात घालायचा. साप ‘अचानक बिघडला’ अशी तक्रार होती. साप जसा होता तसाच होता. मधे फक्त साबणाने हात धुणं आलं आणि चावणं थांबलं. सॅनिटायझरने भागत नाही, त्याने वास जात नाही, उलट स्पिरिटच्या दर्पाने साप वैतागतो. साबण लावा आणि कोपरापर्यंत धुवा. सापाला ठेवल्यावरही पुन्हा धुवा, पण ते त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर हे प्राणी नकोतच, असा सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा येणार असतील तर याचा विचार आधी करा, तिकिटं काढल्यावर नको.

दार उघडताच झेप घेतो

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि तिच्यावर सगळ्यात चुकीचा सल्ला मिळतो तो असा: ‘त्याला टाकीत खायला देऊ नका, वेगळ्या डब्यात नेऊन द्या. नाहीतर टाकी म्हणजे जेवण असं त्याच्या डोक्यात बसतं.’ ऐकायला पटतं. पण नीट बघा काय होतं ते. उंदराचा वास घेऊन पेटलेल्या सापाला तुम्ही हाताने उचलून डब्यात ठेवता. खाऊन झाल्यावर, अजून शिकारीच्याच तोऱ्यात असलेल्या सापाला पुन्हा हाताने उचलता, तेही पोटात आख्खा उंदीर असताना. चावण्याची शक्यता जिथे सर्वात जास्त तिथे तुम्ही दोनदा हात घातलात. वर हलवाहलवीने त्याने उंदीर ओकून टाकला तर ते वेगळंच. ओकणं सापाला फार महाग पडतं, त्यानंतर दहा-पंधरा दिवस त्याला काही देता येत नाही. तेव्हा डबा सोडून द्या. खायला टाकीतच द्या.

मग ‘टाकी उघडली म्हणजे जेवण’ हे डोक्यातून काढायचं कसं? दोन गोष्टींनी.

पहिली म्हणजे दार जेवणाशिवायही उघडत राहायचं. पाणी बदलायला, विष्ठा काढायला, थर्मामीटर बघायला. वीस वेळा दार उघडल्यावर एकदा उंदीर येतो असं झालं की दाराला अर्थ उरत नाही. बऱ्याच घरांत उलटं असतं. भीतीपोटी कोणी हात लावत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त उंदीर आत जातो, आणि मग साप दाराच्या आवाजालाच तयार होऊन बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हुक, साप उचलायची टोकाला वाकवलेली काठी. इथले पाळणारे याला हुक ट्रेनिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधं. साप उचलायचा असेल तेव्हा आत हात घालण्याआधी हुकच्या पाठीने त्याच्या अंगाला स्पर्श करायचा, मानेपासून हातभर मागे. टोचायचं नाही, ढोसायचं नाही. अंगावरून हलकेच एकदा-दोनदा फिरवायचं आणि थांबायचं. हुक थंड असतो, उंदराचा वास नसतो. शिकारीच्या नादात असलेला साप या स्पर्शाने भानावर येतो. मागे दुमडलेली मान सैल पडते, डोकं खाली जातं, जीभ नेहमीच्या लयीत भरभर चालायला लागते, आणि कधी कधी तो आतल्या बाजूला सरकायला लागतो. हे दिसलं की हात घाला. मान तशीच ताठ राहिली आणि तो हुकच्याच दिशेने वळला तर दार बंद करा, उद्या बघा. आणि हे महत्त्वाचं: खायला देताना हुक लावायचा नाही. हुक लागला म्हणजे उचलणार, हुक नाही लागला म्हणजे जेवण, हा करार दोन्ही बाजूंनी पाळला तरच चालतो. घरात तिघे जण साप सांभाळत असतील तर तिघांनीही. एकाने ढिलाई केली की बाकीच्यांचे कष्ट वाया.

हुक नसेल तर स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांच्या गुंडाळीचा आतला पुठ्ठा चालतो. लहान सापाला तर तोच बरा.

हात घालताना वरून घालू नका. वरून येतो तो गरुड नाहीतर मुंगूस, अशी त्याची समजूत. बाजूने, खालच्या पातळीवरून जा आणि शरीराच्या मधल्या भागाखाली तळवा सरकवा. एकदा जायचं ठरवलं की जा. अर्ध्यावर थांबून, बोटं मागे घेऊन, पुन्हा पुढे करणं हे हात सरळ घालण्यापेक्षा वाईट, कारण मागे-पुढे होणारी उबदार बोटं हुबेहूब उंदरासारखी वागतात. वजन दोन ठिकाणी पेलायचं, डोकं मोकळं सोडायचं. डोक्यामागे पकडणं सर्पमित्रांच्या व्हिडिओत बरं दिसतं, पण पाळीव सापाला त्याने जीव धोक्यात असल्याचीच खात्री पटते.

हातमोजे घालावेत का? हातमोज्यांनी साप नीट जाणवत नाही, पकड नकळत घट्ट होते. पण सुरुवातीला हात थरथरत असतील तर पातळ चामड्याचे घाला. थरथरणाऱ्या हातापेक्षा जाड हात बरा.

खायला देताना बोट सापडतं

इथे वाद घालण्यासारखं फारसं नाही, तरीही चावण्याच्या घटना सर्वांत जास्त इथेच होतात. बोटांनी उंदीर धरून देऊ नका. कितीही छोटा साप असो, कितीही ‘माझा तसा नाही’ वाटो. लांब चिमटा घ्या, निदान ३५-४० सेंटिमीटरचा, टोकाला रबर असलेला. साप चिमट्यावरच झेपला तर धातूवर दात मोडतात.

जिवंत उंदीरही देऊ नका. घाबरलेला उंदीर सापाला चावतो, डोळा फोडतो, आणि न खाता रात्रभर तसाच सोडला तर पाठ कुरतडून ठेवतो. इथे गोठवलेले उंदीर आकारानुसार पाकिटात मिळतात, तेच वापरा.

किती मोठा उंदीर? सापाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढाच जाड. वजनात सांगायचं तर पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, पाच-सात दिवसांनी एकदा. वाढ झालेल्या सापाला ५ ते ७ टक्के, दोन ते चार आठवड्यांनी. दीड किलोच्या मादीला ८०-९० ग्रॅमचा उंदीर पुरतो. ‘जास्त खाऊ घाला, पोट भरलं की चावणार नाही’ हा सल्ला ऐकून लोक साप लठ्ठ करून ठेवतात. लठ्ठ पायथनही झेप घेतो, कारण झेप पोट बघून येत नाही, ऊब आणि वास बघून येते. मात्र दुसरं टोकही नको. किराणा मापून देतात तसं महिनोन्‌महिने पिंकी, म्हणजे अंगावर केसही न आलेलं उंदराचं पिल्लू, देत राहिलात आणि साप मीटरभर झाला, तर तो सतत शिकारीच्या तयारीत असणारच.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात, बंद डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात सोडा, पाणी एकदा-दोनदा बदला. डब्याला आणि भांड्याला स्वयंपाकाच्या भांड्यांपासून कायमचं वेगळं ठेवा, गोठवलेल्या उंदरांतही साल्मोनेला असतो. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो, कधी फुटतो, आणि तो मायक्रोवेव्ह घरातलं दुसरं कोणी मग वापरत नाही. (आमच्याकडे आईने फ्रीझर उघडणंच सोडलं होतं. शेवटी गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर घेतला, तेव्हा घरात शांतता झाली.) पोट दाबून आत गोठलेला कडक गोळा लागत नाही ना ते बघा. मग कागदाने कोरडा करा आणि देण्याच्या आधी फक्त डोक्याकडचा भाग पुन्हा गरम पाण्यात धरा, ३८ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत. यात कंजुषी करू नका. उंदीर कोमट आणि हात गरम, असं झालं की साप हात निवडतो. मी म्हणतो म्हणून नव्हे, त्याच्या ओठावरच्या खाचा तसंच सांगतात त्याला.

टाकीतलं पाणी, घाण, पडलेली फांदी, जे आवरायचं ते उंदीर गरम करण्याच्या आधी आवरा. उंदराचा वास खोलीत पसरल्यावर दारातून हात आत जाता कामा नये.

आता प्रत्यक्ष देणं. खोलीतला दिवा मंद करा. उंदराला कमरेच्या वर, पाठीकडून चिमट्यात धरा, म्हणजे डोकं सापाकडे राहील. दार उघडा आणि उंदीर सापाच्या पातळीवर, त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. वरून लोंबकळवू नका, नाकावर आपटू नका. किंचित हलवा, थांबवा. साप जीभ काढतो, मान मागे घेतो, क्षणभर सगळं थिजतं, आणि मग एकदम उंदीर चिमट्यातून गेलेला असतो आणि त्याच्याभोवती दोन विळखे पडलेले असतात. त्या क्षणी चिमटा सैल सोडा. ओढाताण करून ‘मजा’ बघण्याचा मोह आवरा, त्याने त्याच्या जबड्याला इजा होते आणि तुमच्याशी झुंजायची सवय लागते. दार लावा. लोक इथे एक हमखास चूक करतात. सापाने उंदीर शेपटाकडून धरला की बोट घालून तो सरळ करायला जातात. तो उलटा गिळेल नाहीतर स्वतः फिरवून घेईल. तुम्ही मधे पडू नका.

पहिल्या झेपेत नेम चुकला तर घाईघाईने दुसरा प्रयत्न करू नका. हात मागे, चिमटा मागे, मिनिटभर थांबा. आणि खाऊन झालं तरी त्या रात्री दार उघडायचं नाही. गिळल्यावर साप काही तास आणखी शिकार शोधत असतो, जबडा आळोखेपिळोखे देत टाकीभर फिरतो. दुसऱ्या दिवशीही उचलू नका. निदान ४८ तास, आणि पोटातला फुगवटा दिसतोय तोवर अजिबात नाही.

खाल्लंच नाही तर उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवून दिवा घालवा आणि सकाळी चिमट्यानेच काढून टाका. बॉल पायथन हिवाळ्यात पुष्कळदा महिनोन्‌महिने जेवत नाहीत, नर तर जास्तच. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही.

एका टाकीत दोन साप ठेवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. एकाच उंदरावर दोघे झेपले की सोडवायला तुमचेच हात जातात.

किंगस्नेक पाळणाऱ्यांनी वरचं सगळं दुप्पट सावधपणे करावं. ते दुसरे साप खाणारे. भूक अशी की धरलेलं बोट चघळत बसतात. आणि हॉगनोज जातीचा साप असेल तर त्याच्या मागच्या दातांशी सौम्य विष असतं. तो बोट धरून चघळत राहिला तर हात सुजू शकतो, त्याला लवकर सोडवा आणि सूज वाढली तर डॉक्टर गाठा. बोआ किंवा मोठ्या अजगरांच्या बाबतीत, साप अडीच मीटरच्या वर गेला की एकट्याने खायलाही द्यायचं नाही आणि उचलायचंही नाही. दुसरा मोठा माणूस खोलीत हवा. इथे शौर्य दाखवू नका.

चावून धरून बसला तर

ओढू नका. सांगायला सोपं, करायला अवघड, कारण हात आपोआप मागे जातो. सापाचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात, वरच्या जबड्यात चार रांगा आणि खालच्या दोन. ओढलं की कातडी फाटते आणि त्याचे दात तुमच्या हातात मोडून राहतात. हात स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने त्याचं अंग पेला. बऱ्याच वेळा अर्ध्या-एक मिनिटात त्याला कळतं की हे गिळण्याजोगं नाही आणि तो सोडतो.

नाही सोडलं तर विळखा शेपटीकडून उलगडा, डोक्याकडून नाही, शेपटीकडे जोर कमी असतो. मग नळाखाली गार पाण्याची बारीक धार त्याच्या डोक्यावर सोडा. तेवढ्यानेही नाही झालं तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशचा एखादा थेंब त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात. डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हा शेवटचाच उपाय समजा. तोंड उघडू लागला की हात आधी किंचित त्याच्या तोंडाच्या दिशेने ढकला, म्हणजे दात सुटतात, आणि मग वर उचला. चाकू, स्क्रू-ड्रायव्हर घालून जबडा उचकटायचा नाही.

रक्त दिसायला फार दिसतं, कारण टोचे बारीक आणि पुष्कळ असतात. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक बिनविषारी आहेत, प्रतिविष लागत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडिन लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर घ्या. दोन-तीन दिवसांनी लाली पसरतेय, ठणकतंय, पू येतोय असं वाटलं तर आत दाताचा तुकडा राहिला असेल, डॉक्टरांना दाखवा आणि साप चावल्याचं स्पष्ट सांगा. लाजून ‘मांजर’ म्हणू नका.

हे सगळं ओळखीच्या, पाळलेल्या सापापुरतं. महाराष्ट्रात रानात, शेतात, घरात शिरलेला साप चावला तर जात ओळखत बसायचं नाही, चिरा मारायच्या नाहीत, आवळपट्टी बांधायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन आणि तडक रुग्णालय.

हातात शांत होता, मग चावला

हा भीतीचा प्रकार, आणि इथे हुक, वास, उंदीर यांचा संबंध नाही.

साप नवा असेल तर पहिला आठवडा त्याला हात लावू नका. पाणी बदला, बाकी काही नाही. तो दोन-तीनदा नीट जेवला की मग उचला, पहिल्यांदा पाच मिनिटं, पुढे दहा-पंधरा. पाहुणे आले म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात, दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखा फिरवू नका. आणि चेहऱ्याजवळ नेऊन सेल्फी काढू नका. एवढं सांगूनही लोक काढतातच.

डोळे दुधाळ झाले, रंग मळकट दिसायला लागला, तर तो कात टाकणार आहे. जुन्या आणि नव्या कातडीत द्रव भरतो म्हणून त्याला धड दिसत नाही. या दिवसांत उचलू नका, शक्यतो खायलाही देऊ नका. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत कात पडते. मग पुढचं.

हातात असताना कुरबुर वाढली, अंग ताठ झालं, एस आकार दिसू लागला तर खाली ठेवा, पण घाईने टाकून देऊ नका. मिनिटभर शांत होऊ द्या आणि मग ठेवा. झेप घेतल्याबरोबर परत टाकीत गेला की झेप उपयोगी पडते हे तो शिकतो. लहान पिल्लं जास्त झेपतात, ते स्वाभाविक आहे. रानात त्यांना सगळेच खातात. त्यांचे दात जेमतेम कातडीत शिरतात, तेवढं सोसून हात शांत ठेवलात तर बहुतेक पिल्लं वाढता वाढता निवळतात.

टाकीही बघा. मोकळी, चकचकीत, एकच लपण असलेली टाकी म्हणजे सापाला भर चौकात बसवणं. गरम बाजूला एक आणि गार बाजूला एक, अशी दोन घट्ट लपणं हवीत, अंग दोन्ही बाजूंनी टेकेल इतकी. गरम जागा ३१ ते ३३ अंश, गार बाजू २५ ते २७, आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. आर्द्रता ५५ ते ७० टक्के. टाकी टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा दाराच्या वाटेत असेल तर हलवा, जमिनीची थरथर त्याला सतत जाणवते.

एवढं करूनही थांबत नसेल

पूर्वी नीट असलेला साप काही आठवड्यांत बदलला असेल तर त्याला काहीतरी दुखतंय असं धरून चला. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगतायत आणि साप तासन्‌तास पाण्यात बसून राहतोय? माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, झाले असतील. डोळे कात टाकल्यावरही धुरकट राहिले तर डोळ्यावरची जुनी पापुद्री अडकली असेल, ती नखाने काढायला जाऊ नका. तोंडाच्या कडेला पिवळट चिकट काही, तोंड उघडून श्वास, श्वासाला शीळ, हे दिसलं तर त्याच आठवड्यात सरीसृपांचं ज्ञान असलेला पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ते नसतं, फोन करून आधी विचारा.

स्पायडर नावाच्या मॉर्फचा, म्हणजे त्या रंग-नक्षीच्या वाणाचा, बॉल पायथन असेल तर एक गोष्ट वेगळी. त्या जनुकाबरोबर डोकं डुगडुगण्याचा दोष येतोच, कमी-जास्त प्रमाणात. असा साप उंदरावर नेम धरतो आणि चिमट्यावर, नाहीतर मनगटावर आदळतो. तो चावरा नाही, त्याचा तोल जातो. त्याला वीतभर अंतर पुरत नाही. उंदीर जमिनीवर ठेवा, चिमटा काढून घ्या आणि दार लावून बाजूला व्हा.